नॉर्डिक गुन्हेकथा कुठून सुरू करावी?

पहिलंच पुस्तक गाजलेलं, जाडजूड घेऊ नका. माय श्योवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याची ‘रोझॅना’ (१९६५) घ्या. कालव्यात एका अनोळखी तरुणीचं प्रेत सापडतं आणि तपास करणाऱ्या मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याला कित्येक आठवडे तिचं साधं नावही कळत नाही. कंटाळून पानं गाळू नका. तो संथपणा मुद्दाम आहे. रेंगाळलेला तपास, फुकट गेलेले धागे, बेकच्या घरातला अबोला, सगळं त्यातूनच अंगावर येतं. दहा कादंबऱ्यांची ही मालिका क्रमाने वाचलीत, तर स्वीडनच्या कल्याणकारी राज्यावरचा लेखकांचा राग कसा धारदार होत जातो तेही दिसेल.

मग स्वीडिश लेखक हेनिंग मांकेलचा पोलीस अधिकारी वॉलँडर, इस्टाड या स्वीडिश गावातला.

पडद्यावर आधी डॅनिश टीव्ही मालिका ‘फोरब्रूडेल्सेन’ (२००७) बघा. पहिल्या पर्वाचे वीस भाग, एकच खून, प्रत्येक भागात तपासाचा एक दिवस. मुलगी गमावलेल्या आईबापांचं दुःख इतक्या सबुरीने दाखवलेलं मी क्वचितच पाहिलंय. डबिंग मात्र टाळा. सबटायटल्स लावा, मूळ आवाज ऐका; तपास करणाऱ्या सारा लुंडचं गप्प राहणंही तेव्हाच नीट ऐकू येतं.