‘पोर्ट’ हा शब्द ओळखीचा समजू नका

गोव्यात राहून इंग्रजीतून मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्याने ‘पोर्ट’ या शब्दाचा अर्थ गृहीत धरू नये, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. मुरगावचे पोर्ट म्हणजे बंदर. त्याचे मूळ लॅटिन ‘पोर्तुस’. जहाजाच्या कुशीतल्या वाटोळ्या खिडकीला ‘पोर्टहोल’ म्हणतात, त्यातला ‘पोर्ट’ मात्र ‘पोर्ता’ म्हणजे दरवाजा या शब्दापासून आलेला आहे, आणि संगणकाचे पोर्टही त्याच घरातले. पणजीच्या दुकानांत मिळणाऱ्या गोड पोर्ट वाईनला पोर्तुगालमधील पोर्तो शहराचे नाव मिळाले. (त्या शहराचे नावही पुन्हा बंदरावरूनच!)

सर्वांत फसवा अर्थ जहाजाच्या डाव्या बाजूचा. पूर्वी सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला असल्यामुळे जहाज डाव्या अंगाने धक्क्याला लावीत. इंग्रज खलाशी त्या अंगाला ‘लार्बोर्ड’ म्हणत. पण हुकूम देताना तो उच्चार उजवीकडच्या ‘स्टारबोर्ड’सारखाच ऐकू येऊन घोटाळा होई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये त्याऐवजी ‘पोर्ट’ म्हणण्याचा आदेश काढला. तेव्हा ‘टर्न टू पोर्ट’ असे वाक्य समोर आले, की ‘बंदराकडे वळा’ असे न लिहिता ‘डावीकडे वळा’ असेच लिहावे.

‘एक्सपोर्ट’ आणि ‘पोर्टर’ यांतला ‘पोर्ट’ वाहून नेण्याचा आहे. चांगल्या कोशात या सर्वांच्या नोंदी स्वतंत्र क्रमांकांनी दिलेल्या असतात; पहिल्याच नोंदीवर थांबू नका.