परिषदेत ओरल (मंचावरून भाषण) मागितलं होतं, फक्त पोस्टर (बोर्डावर लावायचा छापील तक्ता) मिळालं. आयोजकांना विनंती करून ओरल मिळवावं का? आणि पोस्टर कसं तयार करावं? शिवाय टॉक मिळालंच तर ते कसं द्यावं?

आयोजकांना मेलबिल करू नका. मिळालंय ते पोस्टर नीट करा.

तुम्ही लिहिलंय की गाइड नाराज आहेत आणि लॅबमधल्या ज्याला ओरल मिळालं तो सगळ्यांना स्लाइड दाखवत फिरतोय. वाचून आमचीच लॅब डोळ्यांसमोर आली. माझा विषय भूजल. पीएच.डी.ला असताना एका राष्ट्रीय परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) पाठवलं, ओरलवर खूण केली, आलं पोस्टर. माझे गाइड सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बरंच झालं. तुझं इंग्रजी बघता तेच ठीक. पोस्टर काय, हजेरीपुरतं असतं.’ मी मराठी माध्यमातली. ते कुठे लागलं असेल, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको.

सरांच्या हिशेबाने पोस्टर म्हणजे थीसिसची पहिली वीस पानं एका फ्लेक्सवर. वर विद्यापीठाचा लोगो, कॉलेजचा लोगो, संस्थापकांचा फोटो, मग इंट्रोडक्शन, आणि त्यात भूजल म्हणजे काय याची व्याख्या. भूजलाच्या परिषदेत! मला मधोमध एकच चित्र हवं होतं, दोन विहिरींचा छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर आत दिसेल तसं. एकाच वाडीतल्या, हाकेच्या अंतरावरच्या, जवळपास सारख्या खोलीच्या विहिरी. दोन्हीकडे वर मुरूम, खाली भोकाभोकांचा बेसॉल्ट, मग गेरूसारखा तांबडा थर, तळाला अखंड काळा कातळ. तरी एक विहीर संक्रांतीला ठणठणीत कोरडी आणि दुसरीवर अक्षय तृतीयेला मोटर चालू. कारण काही हाती लागत नव्हतं. म्हणून छेदात दोन विहिरींच्या मधल्या जागेत मी वीतभर उंचीचं प्रश्नचिन्ह काढलं.

सर उखडले. ‘प्रश्नचिन्ह? पोस्टरवर? लोक म्हणतील, हिला उत्तर माहीत नाही.’

‘नाहीच ना माहीत, सर.’

बराच वाद झाला. शेवटी लोगो राहिले, फोटो राहिला, व्याख्या गेली आणि प्रश्नचिन्ह टिकलं.

परिषदेत माझा बोर्ड स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात. चहाच्या सुट्टीत लोक हातात भज्यांची डिश घेऊन समोरून जायचे, मान वळवायचे, पुढे सरकायचे. मग राज्याच्या भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ थांबले. शीर्षक वाचलं नाही, नाव विचारलं नाही. थेट प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. ‘इथे डाइक आहे का बघितलंस?’ खिशातलं बॉलपेन काढून रेघ मारायला गेले. फ्लेक्सवर शाई उमटेना, तेव्हा नखाने प्रश्नचिन्हाच्या मधून वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढली. डाइक म्हणजे लाव्हाच्या आडव्या थरांना चिरत वर आलेली खडकाची भिंत. ती अखंड असली तर जमिनीखालचं पाणी अडवते, एका अंगाला साठा आणि दुसऱ्या अंगाला खडखडाट. तडकलेली असली तर उलट तीच पाणी वाहून नेते. हे पुस्तकात मीही वाचलेलं होतं. पण ‘शेतात शोधू नकोस, वर माती आहे, काही दिसणार नाही. नाल्यात उतर आणि तळ बघत चाल’ हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चहा संपला, बोळ रिकामा झाला, आम्ही बोलतच होतो. मराठीत. पुढच्या उन्हाळ्यात नाल्याच्या तळात तो डाइक सापडला, रेझिस्टिव्हिटीच्या (जमिनीच्या विद्युत-रोधाच्या) मोजणीत पक्का झाला, आणि माझ्या थीसिसचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

आणि त्याच परिषदेत ओरल मिळालेला आमच्या लॅबमधला मित्र? उद्घाटनाचं दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणं लांबली, सगळी सत्रं पुढे ढकलली गेली, जेवणानंतरच्या समांतर सत्रात त्याच्या दहा मिनिटांची सहा झाली. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि ‘प्रश्न चहाच्या वेळी विचारा’ म्हणाले. कुणी विचारले नाहीत. त्याचा यात काही दोष नव्हता, टॉक चांगलं होतं.

सरांना हे आजही पटत नाही, नव्या मुलांना ते अजून हजेरीचंच सांगतात. म्हणून जरा बाहेरचं सांगते. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या डिसेंबरातल्या परिषदेला वीस हजारांवर माणसं येतात आणि बहुतेकांचं सादरीकरण पोस्टरच असतं, त्यात नावाजलेले प्राध्यापकही बोर्डासमोर उभे. मशीन लर्निंगवाल्यांच्या न्यूरिप्स या परिषदेत ज्या थोड्यांना ओरल मिळतं त्यांनाही पोस्टर लावावंच लागतं. आणि प्राध्यापकाच्या नोकरी-बढतीला लागणाऱ्या गुणांची (पूर्वीच्या एपीआयची) चिंता असेल, तर यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीतही ओरल आणि पोस्टर एकाच ओळीत होते, गुण सारखे. मग कमीपणा नेमका कुठून आला?

आता पोस्टरचं. मजकूर निम्मा करा, मग परत निम्मा करा. २०१९ साली माइक मॉरिसन या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या पीएच.डी. विद्यार्थ्याने एक व्हिडिओ टाकला होता: मधोमध ठळक अक्षरांत निष्कर्षाचं एकच वाक्य, तपशील कडेच्या पट्ट्यांत, शेजारी क्यूआर कोड. तेव्हापासून तसल्या पोस्टरांची लाट आली. मला ते अर्धंच पटतं. प्रयोगशाळेतल्या कामाला ठीक आहे. आमच्यासारख्यांनी मधली जागा नकाशाला किंवा छेदाला द्यावी. आणि निष्कर्षापेक्षा न सुटलेला प्रश्न मोठा लिहा. उत्तर वाचून माणूस ‘छान’ म्हणतो आणि निघतो. प्रश्न दिसला की जाणकाराला राहवत नाही.

रंगांत लाल विरुद्ध हिरवा टाळा. कोरड्या विहिरी लाल आणि पाण्याच्या हिरव्या, हे सगळ्यांना सुचतं आणि रंगांधळ्या माणसाला सगळ्या विहिरी सारख्या दिसतात. निळा-नारिंगी घ्या. पायथनमध्ये नकाशे करत असाल तर इंद्रधनुषी ‘जेट’ ही रंगपट्टी सोडा. मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढायच्या लायब्ररीनेही २०१७ मध्ये आपोआप येणारी रंगपट्टी म्हणून ‘जेट’ऐवजी ‘विरिडिस’ आणलं.

छपाईचं नीट ऐका. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. फ्लेक्सवाल्याचं जग फुटात चालतं, त्यामुळे तो ‘तीन बाय चार करून टाकतो’ म्हणतो आणि तुमची फाइल ताणून बसवतो. या दोन मापांचं प्रमाण एक नाही. आडवं जास्त ताणलं जातं आणि नकाशावरची स्केलपट्टी खोटी पडते. ‘ताणू नका, कडेला पांढरं सोडा’ असं सांगून समोर उभं राहा. पीडीएफच द्या, नाहीतर त्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलून ग्रीक अक्षरांच्या जागी चौकोन येतात. आणि गावात निवडणूक किंवा कुठल्या दादांचा वाढदिवस असेल तर आठवडाभर आधी जा. त्या दिवसांत तुमचा डाइक कुणी छापत नाही.

टॉकबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, तर ओझरतंच सांगते: मिनिटाला एक स्लाइड, अनुक्रमणिकेची स्लाइड नको, आणि सूर्योदयाच्या फोटोवर ‘थँक यू’ तर मुळीच नको. प्रश्नोत्तरं चालू असताना मागे निष्कर्षाची स्लाइड राहू द्या.

एक कबूल करते. मुलाखतीच्या काही समित्यांवर आमच्या सरांसारखेच लोक बसतात आणि ते ओरल किती झाले हे मोजतात. तुमची नोकरी तोंडावर असेल आणि यादीत एकही ओरल नसेल, तर आयोजकांना एक सभ्य मेल टाकून बघा, कुणीतरी ऐनवेळी गळतं. शिवाय मी बोलतेय ते विज्ञानाबद्दल. इतिहास किंवा साहित्यात तुम्ही असाल तर आपल्याकडे अजून निबंधवाचनच चालतं, तिथे माझं ऐकू नका.

आणि बोर्ड उभा आहे की आडवा, हे फाइल बनवायच्या आधी आयोजकांना विचारा. टाचण्या स्वतःच्या न्या, तिथल्या पहिल्या दहा मिनिटांत संपतात.