नीलगिरी मेंढी: ४० माद्यांना एकच नर पुरेल का?

प्रश्न असा आहे की तमिळनाडूतल्या कोतगिरीच्या चहामळ्यांत नीलगिरी मेंढीच्या ४० माद्या आहेत, नर एकच पण देखणा. जात टिकेल का? नाही टिकणार.

हिशेब बघा. ४ × नर × माद्या ÷ (नर + माद्या), हा पैदाशीच्या दृष्टीनं कळपाचा खरा आकार. तुमचा येतो ३.९. वाड्यात ४१ जनावरं दिसतात, पण रक्त चौघांचं. जवळचं रक्त दर पिढीला १२.८ टक्क्यांनी वाढेल. माद्या दुप्पट केल्या तरी आकडा ३.९५ च! त्यापेक्षा नर चार ठेवा: आकार १४.५, वाढ ३.४ टक्के.

माद्यांचे दहा-दहाचे चार गट करा, कानात लाल, पिवळे, निळे, हिरवे बिल्ले. लेक कायम आईच्या गटात. प्रत्येक गटाचा एकेक नर मात्र दरवर्षी पुढच्या रंगाकडे सरकतो. चौथ्या वर्षानंतर तो पहिल्या गटात परत नको, तिथं त्याच्याच लेकी असतात. माज (मादीची नर घेण्याची वेळ) १७ दिवसांनी फिरतो, म्हणून दोन माज धरून गट आपापल्या नरासह किमान ३५ दिवस वेगळे कोंडा. गफलत बहुतेकदा नर कोकरांमुळे होते. चार महिन्यांचं झालं की बाहेर काढा, 'अजून लहान आहे' म्हणू नका.

नवा नर घेताना सँडिनो गळ्यात पडू शकतो. तो नीलगिरीतल्याच सँडिनल्ला मेंढी संशोधन केंद्रात तयार झालेला संकर, ५/८ मेरिनो किंवा रॅम्बुले या परदेशी लोकरी जातींच्या रक्ताचा. नीलगिरीही मुळात १९ व्या शतकातली सरमिसळच (कोईमतूर, टास्मानियन मेरिनो, शेविऑट, साउथडाउन या मेंढ्यांच्या जातींची), पण थंडी, पाऊस आणि कमी चाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. कान रुंद, चपटे, लोंबते हवेत. मादी बिनशिंगी, नराला शिंगांचे नुसते कोंब. पूर्ण वळलेलं शिंग दिसलं तर लोकर कितीही मऊ असो, सोडून द्या.

पावसात खुरं कुजली तर १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट टाकून मेंढीला त्यात १०-१५ मिनिटं उभं करा. मोरचूद टाळा; मेंढ्या ते पाणी प्यायल्या तर तांब्याची विषबाधा होते. गाईचं खनिज मिश्रणही त्याच कारणासाठी नको.