कोलेस्टेरॉलसाठी जनुक गप्प करणारं इंजेक्शन आलं, मग स्नायूंच्या आजारासाठी का नाही?

तुम्ही विचारलंय ते असं: वडिलांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान सुचवलं. सुरुवातीचे डोस झाले की वर्षाला दोनच इंजेक्शनं, आणि ते यकृतातलं एक जनुक गप्प करतं. धाकट्या भावाला मायोटोनिक डिस्ट्रॉफी (प्रकार १) हा स्नायूंचा आजार आहे, आणि तो आजारही एकाच जनुकाच्या बिघाडाने होतो. मग तेही जनुक असंच का गप्प करता येऊ नये?

मी आरएनए औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते आणि माझा बराचसा दिवस याच प्रश्नात जातो. त्या जनुकाला गप्प करणारा आरएनएचा तुकडा तयार करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तो स्नायूच्या पेशीच्या आत पोचवणं अवघड आहे. आरएनएने जनुक गप्प होतं हे १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सविस्तर दाखवलं गेलं, २००६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि पहिलं औषध यायला २०१८ उजाडलं. ही वर्षं मुख्यतः पोचवण्याची वाट शोधण्यात गेली.

हे औषध म्हणजे आरएनएचा २१ ते २३ अक्षरांचा दुपदरी तुकडा. पेशीत शिरला की तो आपल्याशी जुळणारा संदेश (जनुकाची आरएनएतली नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) शोधून कापायला लावतो, आणि प्रथिन बनायचं थांबतं. पण नुसता तुकडा शिरेतून सोडला तर रक्तातली विकरं त्याचे तुकडे करतात आणि उरलेला मूत्रपिंडं काही मिनिटांत गाळून टाकतात. शिवाय त्याच्यावर ऋण भार भरपूर. पेशीचं तेलकट आवरण त्याला आत घेत नाही.

यकृतात हे जमलं ते यकृताच्या स्वभावामुळे. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना साधारण १०० नॅनोमीटरच्या खिडक्या असतात, रक्तातलं बरंच काही थेट पेशीपर्यंत जातं. आणि रक्तातली जुनी, झिजलेली प्रथिनं ओढून घेण्यासाठी यकृताच्या प्रत्येक पेशीवर एका ग्राहकाच्या (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक माल पकडून आत नेणारं प्रथिन) लाखो प्रती असतात. हा ग्राहक गॅलनॅक नावाची साखर ओळखतो. आरएनएच्या टोकाला या साखरेचे तीन रेणू जोडले की तो तुकडा आत ओढला जातो, आणि ग्राहक दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा वर येऊन पुढच्याला घेतो. इन्क्लिसिरानची यकृतात शिरण्याची करामत या तीन साखरांत आहे.

स्नायूंसाठी अशी साखर नाही. तिथल्या केशवाहिन्यांना खिडक्याही नाहीत, भिंत सलग. आणि स्नायू म्हणजे शरीराच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. पापण्या, मान, बोटं, श्वासाचा पडदा, सगळीकडे पोचायचं. तुमच्या भावाच्या बाबतीत हृदयातही.

त्यातून आत शिरलं तरी काम संपत नाही, आणि लोकांना सहसा सांगितलं जात नाही ती गोष्ट हीच. आम्ही आरएनएला लाल चमकणारा रंग लावतो आणि स्नायूपेशींवर सोडतो. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाभोवती मोहरी सांडल्यासारखे लाल ठिपके दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जमलं! मग त्याच पेशींतला संदेश मोजला, तर तो जवळजवळ होता तेवढाच. ते ठिपके म्हणजे एन्डोसोम, पेशीने बाहेरचा माल घेताना केलेल्या पिशव्या. औषध पिशवीतच अडकलेलं असतं. जे थोडंसं, बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, निसटून बाहेर पडतं तेवढंच काम करतं. यकृतात इतका माल जातो की एक टक्काही पुरतो. स्नायूत मुळात पोचतंच कमी, म्हणून तिथे हा हिशोब बिघडतो.

तरी वाट निघाली आहे. स्नायूपेशींवर लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन ग्राहक असतो. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) आरएनए जोडायचा. डेल-डेसिरान नावाचं औषध नेमकं असंच आहे, आणि ते तुमच्या भावाच्याच आजारासाठी आहे. त्याच्या डीएमपीके जनुकात तीन अक्षरांचा एक गट शेकडो-हजारो वेळा पुन्हा पुन्हा आलेला असतो. त्यातून बनणारा लांबलचक आरएनए केंद्रकात साठतो आणि इतर जनुकांचे संदेश नीट जुळवणारी प्रथिनं अडकवून ठेवतो. सुरुवातीच्या मानवी चाचणीत स्नायूच्या बायोप्सीत हा आरएनए सरासरी साधारण ४० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. मूठ घट्ट आवळायला सांगून ती उघडायला किती सेकंद लागतात याचे व्हिडिओ काढले होते, तो वेळही कमी झाला. डबा धरला की हात लवकर सुटत नाही हे तुम्ही घरात रोज बघत असाल, त्यामुळे या सेकंदांची किंमत तुम्हाला सांगायला नको.

पण सगळं सुरळीत नाही. २०२२ मध्ये एका सहभागी व्यक्तीच्या मेंदूत गंभीर इजा आढळली, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने चाचणीवर अंशतः बंधन घातलं आणि ते पूर्ण उठायला २०२४ चा ऑक्टोबर आला. लोहाचा हाच ग्राहक तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींवरही भरपूर असतो, म्हणून हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं लागतं. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. मी हे लिहिताना औषध बाजारात आलेलं नाही.

बाकी अवयवांचं थोडक्यात. मेंदूसाठी सुई कमरेच्या मणक्यात देतात, सिझेरियनच्या भुलीसाठी देतात तशीच. आरएनएला १६ कार्बनांची चरबीची शेपूट जोडली की तो मेंदूच्या पेशींत शिरतो. या पद्धतीने लवकर सुरू होणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णांत त्या आजाराशी संबंधित प्रथिन कमी झाल्याचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. फुप्फुसाचं अजून कठीण आहे. श्वासातून देण्याचं एक औषध २०२१ मध्ये थांबवावं लागलं, कारण उंदरांच्या फुप्फुसात दाह दिसला.

आता भावाबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. त्याच्या जनुकीय चाचणीचा मूळ अहवाल जपून ठेवा. औषधाच्या चाचणीत घ्यायचं की नाही ते ठरवताना तो मागितला जातो. दरवर्षी ईसीजी करा, त्याला काही त्रास होत नसला तरी. या आजारात हृदयाच्या ठोक्यांचं विद्युत वहन गुपचूप बिघडू शकतं. आणि कधीही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं जरी असलं, तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधीच सांगा. भुलीची औषधं आणि वेदनाशामकं या रुग्णांना जास्त चढतात आणि श्वास मंदावू शकतो. भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला देतात ते सक्सिनिलकोलीन तर टाळायलाच हवं. हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाकिटात ठेवा. औषधाच्या चाचणीची ताजी माहिती त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना दर सहा महिन्यांनी विचारत राहा, आणि त्यांनी काही सांगितलं तर इथे लिहा, मी वाचेन.