इंग्लंडमधली फ्यूशिया सोसायटी वर्षभर नेमकं काय करते? नवीन माणसाने मेंबर व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच डर्बीला राहायला आलात, लायब्ररीत फ्यूशिया सोसायटीचा कागद चिकटवलेला दिसला, आणि एकाच फुलासाठी हे लोक वर्षभर करतात तरी काय, आपल्यासारख्या नवख्याला त्यात काही कळेल का, शिवाय एखादं रोप पुण्याला आईकडे नेता येईल का. मी पण मिडलँड्समध्येच राहतो आणि अशाच एका छोट्या सोसायटीत सहा वर्षं आहे. सरळ सांगतो, व्हा मेंबर.

फूल पाहिलं नसेल तर कानातला लोंबता डूल डोळ्यासमोर आणा. वरची चार निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची) मागे वळलेली, खाली पाकळ्यांचा घेर आणि त्यातून बाहेर लोंबणारे पुंकेसर. घेरात 4 पाकळ्या असल्या तर सिंगल, 5 ते 7 असल्या तर सेमी-डबल, 8 किंवा जास्त तर डबल. हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण शोचं, म्हणजे सोसायटीच्या झाडांच्या स्पर्धेचं, निम्मं गणित यावरच चालतं.

सोसायटीचं सगळं वर्ष ऑगस्टमधल्या एका शनिवारच्या शोभोवती फिरतं, आणि हे कळायला मला पहिलं अख्खं वर्ष लागलं. फ्यूशियाला फूल हवं त्या दिवशी आणता येतं, निदान आठवडाभराच्या अंदाजाने तरी. आपल्याकडे शेवंतीचे शेंडे खुडतात ना, तसेच याचे खुडायचे, एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार, झाड भरतं, आणि शेवटचं खुडणं झालं की सिंगल फुलाला तिथून साधारण 60 दिवस लागतात, डबलला 70-80. म्हणजे शो 15 ऑगस्टला धरला तर सिंगलचा शेवटचा शेंडा 16 जूनच्या आसपास आणि डबलचा 1 जूनच्या आसपास. त्यानंतर हात आवरायचा. जूनच्या मीटिंगमध्ये लोक एकमेकांना हवापाणी विचारत नाहीत, "तू थांबलास का?" असं विचारतात.

बाकीचे महिने मग याच्याच मागेपुढे. जानेवारी-फेब्रुवारीत वार्षिक सभा, हिशेब, वर्गणी (फार नसते), आणि एखाद्या जाणत्या माणसाचं स्लाइड दाखवून भाषण. मार्चमधली मीटिंग मात्र अजिबात चुकवू नका, तेव्हा कटिंग असतात. हिवाळाभर 5 अंशांच्या वर कुठेतरी सांभाळलेल्या जुन्या झाडांना नवे कोंब येतात, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे काढून ओल्या मातीत लावायचे, तीनेक आठवड्यांत मुळं धरतात. आमच्याकडे एक ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत, ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओला पेपर घालून त्यात कटिंग आणतात, प्रत्येकाला पेन्सिलने नाव लिहिलेली पट्टी, आणि मागेल त्याला देतात. पैसे विचारले तर त्यांना वाईट वाटतं. यामागे एक कारण आहे. नाव दिलेली जात बियांपासून तशीच्या तशी येत नाही, कटिंगनेच पुढे जाते, म्हणजे कुणीच तुकडा लावला नाही तर ती जात संपली. 'थालिया' नावाची शेंदरी लांब फुलांची जात 1905 ची आहे, ती आज माझ्या खिडकीत आहे ती अशीच हातोहात आलेली.

मे महिन्यात रोपांची विक्री, सोसायटीचा वर्षाचा बराचसा खर्च त्यातून निघतो. जून-जुलैमध्ये कुणाकुणाच्या बागा बघायला जाणं, चहा-केक. हे वाचायला साधं वाटेल पण दुसऱ्याच्या ग्रीनहाऊसमध्ये उभं राहून जेवढं शिकता येतं तेवढं पुस्तकात मिळत नाही. कुंडी दर दोन-तीन दिवसांनी पाव फेरी फिरवायची म्हणजे झाड एका बाजूला झुकत नाही, हे मला तिथेच दिसलं.

आता शो. आदल्या रात्री मी स्वयंपाकघरात टेबलावर कुंडी ठेवतो, दिवा जवळ ओढतो, आणि दोन तास एकाच झाडावर जातात. कोमेजलेलं फूल काढायचं, त्यामागे राहिलेली हिरवी बोंडं चिमटीने काढायची (परीक्षक ती नक्की बघतात), पिवळं पान काढायचं, पानांवर सांडलेला पराग मऊ ब्रशने झटकायचा, कुंडी बाहेरून पुसायची. सकाळी गाडीत खोक्यांत घट्ट बसवून हळू न्यायचं, कारण एका खड्ड्यात दहा फुलं पडतात. हॉलवर झाडं मांडली, म्हणजे बेंचिंग झालं, की सगळ्यांना बाहेर काढतात आणि आत फक्त परीक्षक आणि त्यांचे मदतनीस उरतात. दुपारी दार उघडतं तेव्हा पोटात अजूनही गोळा येतो.

माझ्या पहिल्या शोला माझ्या कार्डावर एन.ए.एस. लिहिलं होतं, म्हणजे 'नॉट अ‍ॅज शेड्यूल', शोच्या नियमांच्या कागदाप्रमाणे नाही. झाड चांगलं होतं, पण क्लास (स्पर्धेतला गट) 5 इंची कुंडीचा आणि माझी कुंडी साडेपाच इंच भरली. फार लागलं मनाला, आई वारल्यानंतर मी त्या झाडात जीव घातला होता. परीक्षक बाई नंतर स्वतःहून माझ्याकडे आल्या, झाडाशेजारी उभं राहून दहा मिनिटं काय चांगलं आहे ते सांगितलं, आणि शेवटी खिशातली टेप काढून कुंडी आतून कशी मोजायची ते दाखवलं. तर नियमांचा कागद नीट वाचा, आणि नवख्यांचा वेगळा क्लास असतो, त्यातच सुरुवात करा.

सप्टेंबरनंतर आवराआवर, बक्षिसं, झाडं आत घेणं. एक गोष्ट गंभीरपणे घ्या, गॉल माइट. ही डोळ्याला न दिसणारी कोळी जातीची कीड, शेंडे सुजून वेडेवाकडे लालसर होतात, इंग्लंडमध्ये 2007 ला पहिल्यांदा सापडली. तसा शेंडा दिसला तर कापून जाळा किंवा पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको, आणि अशा झाडाचं कटिंग कुणाला देऊ नका.

पुण्याचं म्हणाल तर नेऊ नका. भारतात रोप आणायला आधी आयात परवाना आणि इथून रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, बॅगेत घालून नेणं बेकायदेशीर आहे. आणि नेलं तरी पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते तग धरणार नाही, त्याला थंड, ओलसर हवा लागते, उटीसारखी. आईला जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला घेऊन जा, तिथली कुंड्यांची मांडणी बघून त्यांना तुमचा ऑगस्ट समजेल.

पहिलं झाड 'टॉम थम्ब' घ्या, बुटकं असतं, थंडी सोसतं, खुडायलाही सोपं. आणि मार्चच्या मीटिंगला जाताना एक रिकामा डबा घेऊन जा.