हवाईच्या लोकांनी अमेरिकेतल्या विलीनीकरणाला विरोध केलाच नव्हता का?

केला होता, आणि चांगला कडाडून. फक्त तो हवाईयन भाषेत नोंदला गेला आणि इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांना ती भाषा वाचता येत नव्हती. १८९७ मध्ये 'हुई अलोहा आइना' या संघटनेच्या स्त्री-पुरुष शाखांनी बेटाबेटांवर फिरून विलीनीकरणाविरुद्ध २१,००० हून जास्त सह्या गोळा केल्या. तेव्हा मूळ हवाईयन होते जेमतेम ४०,०००! हे अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होते. नोएनोए सिल्वा या अभ्यासिकेने ते १९९० च्या दशकात लोकांसमोर आणले. 'अलोहा आइना'चं भाषांतर सर्रास 'देशभक्ती' करतात, पण ते तोकडं पडतं. 'अलोहा' म्हणजे प्रेम, 'आइ' म्हणजे खाणं, 'आइना' म्हणजे पोसणारी जमीन. त्यामुळे त्या राजकारणात माणूस जमिनीचा मालक नसतो, नातेवाईक असतो. एक मात्र आहे, सह्यांनी विलीनीकरण लांबलं, टळलं नाही. विलीनीकरणाच्या कराराला अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं जमेनात, तेव्हा १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध चालू असताना साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने बेटं घेतली गेली.