वाचकांचे प्रश्न : तीन तासांच्या उन्हातली भाजी

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत सकाळी जेमतेम तीन तास ऊन येते. सेंद्रिय पद्धतीने भाजी लावायला शिकायचे आहे. पण टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपे नुसतीच उंच वाढली, फळ धरले नाही. काय करावे? शिवाय आपल्या भागातल्या भाज्या शहरात कशा मिळवाव्यात?

उत्तर : खतापाण्याला दोष देण्याआधी उन्हाचा विचार करावा. फळभाज्यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते न मिळाल्यास रोप उजेडाकडे झेपावत लांबट होते. तेवढ्याच उन्हात अळू आणि मायाळू मात्र चांगले येतात. बाजारातून आणलेल्या मायाळूच्या जून देठाचे पेर ओल्या मातीत खोचले की ते रुजते आणि वेल ग्रिलवर चढतो. त्याच्या जाडसर पानांची भजी पावसाळ्यात करून पाहावीत. थंडीत डब्यातलीच मेथी पेरावी. वीतभर खोलीची कुंडी पुरते.

शिकायचे म्हणाल, तर सुरुवात खतापासून करावी, कारण सेंद्रिय बागेची निम्मी विद्या तिथेच आहे. भोके पाडलेल्या बादलीत भाज्यांची देठे-साले आणि त्यांच्या दुप्पट सुका पालापाचोळा असे थर द्यावेत, विरजण म्हणून थोडे आंबट ताक शिंपडावे आणि आठवड्यातून एकदा खालीवर करावे. घाण वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. नुसत्या लाल मातीत ते मिसळल्याने कुंडी हलकी होते, ही गॅलरीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडल्यास साबणाच्या पाण्यात निंबोळी तेलाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

रानभाज्या कुंडीत लावण्याचा खटाटोप मात्र करू नये, असे माझे मत आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी ठाणे-रायगडच्या बाजारांत आणि स्टेशनांबाहेर आदिवासी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुरडू, पुढे करटोली घेऊन बसतात. त्यांच्याकडूनच घ्यावे आणि कोवळे कुठवर खुडायचे, काय घालून शिजवायचे हेही विचारावे. शेवळे घेतल्यास काकडे (छोटी आंबट रानफळे) आठवणीने मागून घ्यावेत. ते न घालता केलेली भाजी घशाला खाजते.